वजनाच्या ऑपरेशननंतर गोळ्या अडकतात, बाधतात, लागू पडत नाहीत: चूक कुठं शोधायची

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबले आणि मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढं ठेवली. "ही बघा तुमची गोळी. अख्खीच्या अख्खी बाहेर पडली. धुऊन आणलीय."

मेटफॉर्मिन एसआर होती, म्हणजे साखरेची हळू सुटणारी गोळी. वर्षभरापूर्वी त्यांचं पुण्याला बायपास झालेलं. हृदयाचं नव्हे, पोटाचं. त्यांचा सवाल सरळ होता: गोळी पचतच नसेल तर पैसे कशाचे घेता?

चिमट्यानं दाबली तर गोळी मऊ लागली, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. औषध हळूहळू पाझरून गेल्यावर उरतो तो सांगाडा. असला सांगाडा ऑपरेशन न झालेल्यांनाही कधीकधी दिसतो, त्यामुळं तेवढ्यावरून गोळी वाया गेली असं म्हणता येत नाही. पण पोटाचं बायपास झालेल्या माणसाच्या हातात एसआर गोळी आलीच कशी, हा खरा प्रश्न होता. चिठ्ठी बघितली. ऑपरेशनच्या आधीचीच, पाच वर्षं जुनी, घडीवर फाटलेली. तीच दाखवून ते दर महिन्याला गोळ्या नेत होते आणि आम्ही देत होतो.

सोलापुरात बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. वजनाच्या ऑपरेशनवाले पूर्वी वर्षाकाठी एखादा दिसायचा, आता महिन्याला तीन-चार येतात. काहींचं पुण्याला किंवा हैदराबादला होतं, काहींचं इथंच. सगळ्यांची तक्रार फिरून फिरून तीच असते: गोळी अडकते, जळजळते, चक्कर येते, रिपोर्ट सुधरत नाही. दरवेळी तात्पुरतं काहीतरी निघतं आणि चार महिन्यांनी दुसऱ्या आजारात तेच पुन्हा उपटतं. कारण पोट नवं झालंय, पण चिठ्ठी लिहिणारा जुन्याच पोटासाठी लिहितो. ऑपरेशन करणारा सर्जन एका गावाला. इथं दातांचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, गल्लीतले फॅमिली डॉक्टर. त्यांच्यापुढं बसलेला माणूस आता बारीक दिसतो. ते कशाला विचारतील?

मी औषधं ओळखतो, रोग ठरवत नाही. त्यामुळं खाली जे लिहितोय ते गोळी बदलण्यासाठी नाही, डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून आहे.

आधी हे बघा: ऑपरेशन नेमकं कोणतं?

"पोट लहान केलं" एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर "स्लीव्ह" असेल तर पोटाचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढलाय, उरलंय केळ्यासारखं अरुंद पोट. पण आतड्याची वाट तीच आहे. "बायपास" किंवा "मिनी बायपास" असेल तर वरच्या बाजूला एक छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडलीय. रू-एन-वाय, म्हणजे नेहमीच्या बायपासमधली ही पिशवी साधारण ३० मिलीची असते. सिरपच्या बाटलीच्या टोपणात १० मिली मावतं, तसली तीन टोपणं, बस. आतड्याचा सुरुवातीचा भाग, जिथं लोह आणि कॅल्शियम सगळ्यात जास्त शोषलं जातं, तो अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो.

म्हणजे पोटात आम्ल कमी, गोळी विरघळायला जागा कमी, घुसळण कमी आणि बायपासमध्ये पुढची वाटही आखूड. गोळीच्या बऱ्याच तक्रारी या चार गोष्टींतून निघतात. पुढं जिथं मी "बायपास" म्हणेन तिथं धोका जास्त. स्लीव्हवाल्यांनी मात्र आपल्याला सगळं माफ आहे असं समजू नये.

अख्खी गोळी बाहेर पडते, किंवा गोळी घेऊन गुण येत नाही

पट्टीवर नावापुढची अक्षरं वाचा. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर, एलए. या सगळ्यांचा अर्थ एकच, की गोळी बारा ते चोवीस तास लांब वाटेनं हळूहळू औषध सोडत जाते. वाट आखूड केली की औषध पुरतं सुटायच्या आत गोळी पुढं निघून जाऊ शकते. बायपासनंतर डॉक्टर शक्यतो साधी, लगेच विरघळणारी गोळी दिवसातून दोन-तीनदा विभागून देतात. मेटफॉर्मिन तशी सहज मिळते, स्वस्तही पडते.

एका जोडअक्षराशी मात्र जपून. "एमआर". साखरेच्या ग्लिक्लाझाइडपुढं एमआर असेल तर ती हळू सुटणारी गोळी. पाठदुखीच्या गोळीपुढं एमआर असेल तर त्याचा अर्थ स्नायू सैल करणारं औषध मिसळलंय. अक्षरं तीच, भानगड वेगळी, आणि पाठदुखीवाल्या एमआरची भानगड जास्त वाईट. ती पुढं येते.

दुसरी जात एंटरिक कोटेड किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट गोळ्यांची. आम्लापासून वाचवायला त्यांच्यावर वेगळं आवरण असतं. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलच्या गोळ्या अशाच. या दोन्ही जातींच्या गोळ्या तोडायच्या, कुटायच्या किंवा चावायच्या नाहीत. एसआर कुटली तर दिवसभराचं औषध एका दमात अंगात जातं. "गिळता येत नाही म्हणून बारीक करून घेतली" हे वाक्य मी ज्या सहजपणे ऐकतो, त्याची मला धास्ती वाटते.

गोळी अडकते, उलटी होते

पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होतं. आतून सूज असते. या काळात कोणती गोळी कुटायची, कोणती सिरपमधून घ्यायची हे सर्जनकडून लिहून घ्या. कुटायची असेल तर मेडिकलमध्ये गोळी बारीक करायची डबी मिळते. घरचा खलबत्ता नको. आमच्या अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, तोच वापरला आणि आठवडाभर तिची बीपीची गोळी शेंगाचटणीच्या लसणाचा वास मारत होती. पट्टीवर "डीटी" लिहिलेलं असेल तर ती गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. त्या प्रकारात मिळत असेल तर मागून घ्या.

पुढं महिने उलटल्यावरही अडकत असेल तर बहुधा घाई नडते. सकाळच्या सहा गोळ्या तळहातावर घेऊन एका घोटात खाली, ही आपली जुनी सवय. तीन टोपणांच्या पिशवीत सहा गोळ्या आणि अर्धा पेला पाणी मावत नाही, तुम्हीच बघा. एक गोळी, दोन घोट, पाच मिनिटं, मग दुसरी. ताठ बसून. जेवता-जेवता नाही. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला सांगितलेलं असतंच, गोळीचं पाणी ते अंतर पाळूनच घ्या. आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथंच जखम करते.

अँटिबायोटिकची ६२५ची मोठी गोळी कडक भाकरीच्या तुकड्यासारखी घशात आडवी बसते. तेच औषध सिरपमध्ये येतं, डॉक्टरांना डोस बदलून लिहायला सांगा. सिरपच्या लेबलवर मात्र "फ्लेवर्ड सिरपी बेस" असेल तर तो बहुतेक साखरेचा पाक असतो. बायपासवाल्यांना त्यानं डंपिंग होऊ शकतं: छाती धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात. शुगर-फ्री मागितलं तर त्यात बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, त्यानंही पोट गुरगुरून ढिलं होतं. त्यामुळं कमी मात्रेचं, घट्ट औषध असलेलं सिरप बघायचं. एरवी चिडचीड करणारा फार्मासिस्टसुद्धा हे काम आवडीनं करतो, विचारून बघा.

गोळीच काय, पाणीसुद्धा उतरत नसेल तर गोष्ट गोळीची राहिलेली नाही. पिशवी आणि आतड्याचा जोड आकसलेला असू शकतो. सर्जनला त्याच दिवशी फोन करायचा.

पोटात जळजळ, काळी संडास: वेदनाशामक

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही चूक माझ्या काउंटरवर, माझ्या हातून झालीय.

अक्काचं बायपास होऊन अडीच वर्षं झाली होती. छान बारीक झाली होती, गुडघे मोकळे झाले होते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत हौसेनं नंदीध्वजांमागं चालली. इतकी वर्षं जमलं नव्हतं ते जमलं म्हणून खुशीत होती. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी लिहिली, सकाळ-संध्याकाळ. चिठ्ठी घेऊन भाचा आला आणि दहाची पट्टी मीच काढून दिली. डॉक्टरांना तिचं ऑपरेशन ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, ऑपरेशनच्या दिवशी मी पुण्याला तिच्या उशाशी बसलो होतो. पण चिठ्ठी वाचताना अक्का डोळ्यांपुढं आली ती आताची, बारीक, यात्रेत चालणारी. ऑपरेशन आठवलंच नाही.

दहा गोळ्या संपल्यावर तिनं अजून एक पट्टी मागवली. नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला: "अक्कांना सकाळी न्हाणीत भोवळ आली." जाऊन बघतो तर चेहरा पांढराफटक. संडासला काळं होतंय का विचारलं तर म्हणाली, "ते लोखंडाच्या गोळीनं होतंय की, तूच सांगितलं होतंस." सांगितलं होतं मी. पण लोहाच्या गोळीनं होणारा काळा-हिरवट रंग वेगळा असतो, संडास बांधलेली असते. हिचं डांबरासारखं, चिकट, उग्र वासाचं होतं, दोन तांबे पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहणारं. ते रक्त होतं. दवाखान्यात दुर्बिणीतून बघितलं तर पिशवी आणि आतडं जिथं जोडलंय तिथंच जखम.

त्या जागेला जखम का होते, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पळवाटा शोधायचा मोह होणार नाही. पोटाचं अस्तर स्वतःवर एक बुळबुळीत थर राखतं, तो राखायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. वेदनाशामकं ही द्रव्यंच थांबवतात. त्यानं दुखणं कमी होतं आणि थरही पातळ होतो. जोडावरच्या आतड्याला तर आम्ल सोसायची मुळात सवय नसते. याला मार्जिनल अल्सर म्हणतात. ही करामत मुख्यतः रक्तातून चालते, नुसती गोळी तिथं टोचून नव्हे. म्हणून "गोळी नको ना, मग इंजेक्शन द्या" ही पळवाट खोटी. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन असो की गुदद्वारात ठेवायची कांडी, जोडावर तेच होतं. "सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की चालतं" हेही खोटं. धोका कमी होतो, पण संपत नाही.

टाळायची नावं: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, इंडोमेथॅसिन. एटोरिकॉक्सिबही स्वतःहून नको. बायपासवाल्यांनी जन्मभर. स्लीव्हवाल्यांना काही सर्जन पुढं थोडी मोकळीक देतात, पण ती त्यांच्या तोंडून घ्यावी, माझ्या किंवा शेजाऱ्याच्या नको.

खरी फसगत ब्रँडच्या नावात असते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन आहे. मेफ्टाल-स्पास पाळीच्या दुखण्याला घराघरात असते, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड. सुमोमध्ये निमेसुलाइड. झिरोडॉल-पीमधला "पी" पॅरासिटामॉलचा हे खरं, पण पुढचं झिरोडॉल म्हणजे ॲसेक्लोफेनॅक. लोक "पी" ऐकून निर्धास्त होतात. "एसपी" असेल तर सूज उतरवायचं एक औषध आणखी जोडलेलं, आणि मघाशी सांगितलेलं "एमआर" याच घराण्यातलं. या गोळ्या वाईट आहेत असं नाही, हजारो लोकांना त्या उपयोगी पडतात. तुमच्या पोटाला त्या नाहीत, एवढंच. म्हणून पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची, पुढचं मोठं नाव नाही.

जोडीला गावठी गोळ्या. यात्रेत, बाजारात गुडघेदुखीवर "जडीबुटीची" काळी गोळी मिळते. "तीन दिवसांत पळायला लागाल" म्हणणाऱ्या अशा गोळ्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याची प्रकरणं देशात वेळोवेळी उघड झालेली आहेत. गुण फार लवकर आला तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्या. आणि विडी-सिगारेट. धूम्रपान हे या जखमेचं वेदनाशामकांइतकंच मोठं कारण. तंबाखू आणि मिश्रीबद्दलही सर्जनशी खरं बोला. आपल्याकडं मिश्रीला कोणी व्यसनात धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग दुखल्यावर करायचं काय? पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०ची, डॉक्टर सांगतील तितकी. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरायचं, नाहीतर लिव्हरला त्रास. शेक, विश्रांती, व्यायामतज्ज्ञ. अंगाला लावायचं जेल रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळं थोड्या जागेवर, थोडे दिवस बरेच सर्जन चालवून घेतात. याहून जास्त लागलं तर ते डॉक्टरांनी ठरवावं.

एक अपवाद ठळक लिहितो: हृदयासाठी छोट्या डोसचं ॲस्पिरिन चालू असेल तर वरचं वाचून ते बंद करू नका. ते चालू ठेवायचं का, कशासोबत, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात.

चक्कर, घाम, हातपाय थरथरणं

वजन उतरायच्या आधीच, ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर उतरते. खाणंही चमचाभर. अशात जुना डोस चालू राहिला तर साखर ७०च्या खाली जाते. संशयित नावं ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन. ग्लायकोमेट-जीपीसारख्या जोडगोळीत ग्लिमेपिराइड आणि हळू सुटणारं मेटफॉर्मिन एकत्र असतं, म्हणजे एकाच गोळीत दोन प्रश्न आणि तोडायचीही सोय नाही. डॉक्टर अशी जोडगोळी सोडवून वेगवेगळ्या गोळ्या देतात, हवी तीच ठेवतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या चालू असतील आणि खाणं अगदी कमी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी साखरेचा आकडा बरा दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

साखर ठीक आणि तरी उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर बीपी बसून मोजा, मग उभं राहून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा वीसनं खाली आला तर डोस जास्त होतोय किंवा अंगात पाणी कमी पडतंय. बीपीच्या टेल्मा-एचमधला "एच" म्हणजे लघवी वाढवणारं औषध. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर, तुम्हाला एका वेळी पाणी पिता येतं दोन घोट, आणि गोळी पाणी बाहेर काढतेय. मग दुसरं काय होणार? पण मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी मनानं एकदम थांबवू नका, छाती धडधडून उलटंच व्हायचं.

गोळ्या नियमित, तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड जागच्या जागी

अक्काच्या दुसऱ्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये हेच होतं. टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइडचं औषध पुरत नव्हतं, हिमोग्लोबिन पडलेलं, आणि तिची शपथ की एकही गोळी चुकवली नाही. खरंच चुकवत नव्हती. एका रविवारी सकाळी तिच्याकडं बसलो आणि नुसतं बघत राहिलो. सहा वाजता तिनं स्टीलच्या वाटीत थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची आणि मल्टिव्हिटॅमिनची गोळी काढली आणि चौघींना दुधाच्या चहाबरोबर रवाना केलं. "एकदाचं उरकलं की दिवस मोकळा."

चौघी एकमेकींच्या वैरिणी. कॅल्शियम लोहाला अडवतं, लोह आणि कॅल्शियम दोघं थायरॉइडच्या औषधाला चिकटतात, आणि चहा लोहाला धरून ठेवतो. निरोगी आतडं असताना यातून निदान काही पदरात पडतं, इथं वाटच आखूड.

आम्ही मग फ्रिजवर कागद चिकटवला. पहाटे सहाला थायरॉइड, फक्त पाण्याबरोबर. चहा सातनंतर. अकराला लोह, थोड्या लिंबूपाण्यासोबत, त्याच्या आगेमागे चहा नाही. दीड वाजता कॅल्शियम, सहाला दुसरं, रात्री आठला मल्टिव्हिटॅमिन कारण त्यात लोह असतं, दहाला तिसरं कॅल्शियम. हिशेब एवढाच की कॅल्शियम आणि लोहात निदान दोन तास, आणि थायरॉइडपासून दोन्हींना निदान चार तास. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून दिवसाचं १२०० ते १५०० तीन वेळा वाटायचं. "तीन वेळा आठवत नाही, दोन एकदम घेते" याला अर्थ नाही.

कॅल्शियम कोणतं, हेही बघा. शेलकॅल ५०० सारख्या नेहमीच्या गोळ्यांत कार्बोनेट असतं, त्याला विरघळायला आम्ल लागतं. तुमच्याकडं आम्ल मुळात कमी, त्यात ॲसिडिटीची गोळी चालू. म्हणून कॅल्शियम सिट्रेट बरं पडतं, त्याला आम्लाची आणि जेवणाची गरज नाही. पट्टीच्या मागं "सिट्रेट" शब्द शोधा. दुकानात नसेल तर मागवायला सांगा, "तेच आहे हो" म्हणून कार्बोनेट हातात ठेवलं तर परत करा. माझ्या धंद्यातले लोक रागावतील, रागावू देत.

कागद चिकटवल्यावर चार महिन्यांनी अक्काचं टीएसएच खाली आलं, गोळीची पॉवर न वाढवता. बी-१२ मात्र तिला गोळीनं पुरलं नाही, तिला महिन्याला इंजेक्शन लागतं. हाडांसाठी आठवड्याला घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी कोणी लिहिली तर ऑपरेशनचं सांगा, ती अन्ननलिकेला आणि जोडाला जखम करू शकते. उपासाच्या दिवशीही हा कागद पाळायचा. गोळीनं एकादशी मोडत नाही, असं अक्काला पंढरपूरच्या एका वारकरी काकांनीच सांगितलं. माझं ऐकत नव्हती.

दोन-तीन दिवस उलट्या, आणि सलाईन

हे फार जणांना ठाऊक नाही, म्हणून वेगळं लिहितोय. आपल्याकडं अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा, ताकद येईल" ही रीत. ऑपरेशननंतर सलग उलट्या होत असतील तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्यानं संपतं. अशा वेळी नुसत्या ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही ती साखर जाळण्यात जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते: डोळे विचित्र हलतात, एकाची दोन दिसतात, चाल डगमगते, माणूस असंबद्ध बोलतो. उपाय सोपा आहे. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन. दवाखान्यात बाटली लावायच्या आधी सोबतच्या माणसानं एवढंच म्हणायचं: "डॉक्टर, यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय, तीन दिवस उलट्या आहेत, आधी थायमिन देता का?" संकोच करू नका. बहुतेक डॉक्टर लगेच मान डोलावतात, त्यांना फक्त ऑपरेशनचं माहीत नसतं.

बाकीचं भराभर. फिट, डिप्रेशन, रक्त पातळ करायची गोळी किंवा लिथियम चालू असेल तर रक्तातलं प्रमाण बदलतं, कधी कमी होतं, कधी लिथियमसारखं धोकादायक वाढतं. त्या त्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या *आधी* सांगा आणि नंतर तपासणीच्या तारखा पाळा. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यताही वाढते, तर पहिलं वर्ष-दीड वर्ष मूल टाळायला सांगितलेलं असतं. तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवा. दारू आता लवकर आणि जास्त चढते, झोपेच्या गोळीसोबत तर नकोच.

हे पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

अक्काच्या पाकिटात आता एक कार्ड आहे. बसच्या पासाएवढं, मी टाइप करून लॅमिनेट केलेलं. वर ऑपरेशनचं नाव आणि महिना-वर्ष. खाली तीन ओळी: वेदनाशामकं नकोत, इंजेक्शनसुद्धा नको, पॅरासिटामॉल चालतं. हळू सुटणाऱ्या गोळ्या नकोत. उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन. त्याखाली सर्जनचा फोन. हेच इंग्रजीतही लिहिलंय, कारण ड्युटीवरचा डॉक्टर कुठलाही असू शकतो. मागच्या बाजूला चालू गोळ्या, त्या बदलतात म्हणून पेन्सिलीनं.

आणि घरातला गोळ्यांचा डबा. आमच्याकडं तो बिस्किटाचा जुना पत्र्याचा. उपडा केला तेव्हा त्यातून वेदनाशामकांच्या पाच अर्धवट पट्ट्या निघाल्या, दोन तर भाच्याच्या क्रिकेटच्या वेळच्या. रात्री दोनला दात ठणकतो तेव्हा माणूस कार्ड वाचत नाही, डब्यात हात घालतो. म्हणून घरातल्या बाकीच्यांच्या गोळ्या आता दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या खोलीत.

मागच्या महिन्यात तिची दाढ काढली. डॉक्टरांनी सवयीनं चिठ्ठीवर वेदनाशामकाचं पहिलं अक्षर लिहिलं तेवढ्यात तिनं कार्ड पुढं सरकवलं. त्यांनी वाचलं, लिहिलेलं खोडलं, पॅरासिटामॉल आणि सिरपमधलं अँटिबायोटिक लिहिलं. चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडं आली आणि गोळ्या काढायच्या आधी मलाही कार्ड दाखवलं. मी म्हटलं, अक्का, मला कशाला? "तुला तर आधी," म्हणाली.

कार्डाचा फोटो भाच्याच्या फोनमध्येही ठेवलाय. चक्कर येऊन पडली तर पाकीट कोण उघडणार?